'यंग जस्टिस', ग्रेग वाइझमन आणि त्याला प्रश्न विचारत राहणारे चाहते (स्पॉयलर आहेत!)

रानजाई:
यंग जस्टिसचं परत एकदा पारायण झालं, आणि ह्यावेळी प्रत्येक एपिसोडनंतर ग्रेग वाइझमनने चाहत्यांना दिलेली जुनी उत्तरं वाचत गेले, डोकं नुसतं भरून गेलंय, कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून धागा काढतेय. खाली सगळं फोडलेलं आहे, ज्यांनी पाहिली नाहीये त्यांनी आधी बघा आणि मग या.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०१० मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेली डीसीची ॲनिमेटेड मालिका. ग्रेग वाइझमन आणि ब्रँडन व्हिएटी ह्या दोघांनी उभी केली. बॅटमॅन, फ्लॅश, ॲक्वामॅन वगैरे मोठी मंडळी मागच्या रांगेत आणि त्यांच्या हाताखालची पोरं पुढे: रॉबिन (डिक ग्रेसन), किड फ्लॅश (वॉली), ॲक्वालॅड (कॅल्डर), आणि नंतर येऊन मिळालेले सुपरबॉय (कॉनर), मिस मार्शन (मेगन), आर्टेमिस. पहिला सीझन २६ भागांचा, दुसरा २० चा, मग बंद पडली, मग चाहत्यांनी उकरून काढली, २०१९ ला तिसरा आणि २०२१-२२ ला चौथा सीझन, असे सगळे मिळून ९८ भाग.

पण मला मालिकेइतकंच त्या माणसाबद्दल बोलायचंय. वाइझमनने ९४ साली डिस्नेसाठी 'गार्गॉइल्स' (रात्री जिवंत होणाऱ्या दगडी प्राण्यांची मालिका) केली होती. तिच्या चाहत्यांनी स्टेशन एट नावाची साइट काढली आणि तिथे 'आस्क ग्रेग' म्हणून कोपरा आहे, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून तो माणूस तिथे बसून उत्तरं देतोय. स्वतः! हजारो प्रश्न, आणि तेही गार्गॉइल्सपुरते नाहीत, नंतर केलेल्या स्पायडरमॅनचे, यंग जस्टिसचे, सगळ्याचे. कुणीतरी विचारतं अमक्या पात्राचं वय काय, तर आकडा सांगतो. कुणी विचारतं ह्या सीनमध्ये ती गप्प का बसली, तर नीट परिच्छेद लिहून सांगतो. आणि पुढे काय होणार असं विचारलं की दोन शब्दांत विषय संपतो, नो स्पॉयलर्स.

माझं म्हणणं एवढंच की ह्या माणसाने उत्तरं देऊन देऊन चाहत्यांना नीट बघायला शिकवलंय. पटतंय का तुम्हाला?

साळुंकी:
आली आली, आपली मालिका आली! रानजाई, धाग्याबद्दल खूप खूप धन्यवाद गं.

नीट बघायला शिकवलं ह्याला माझं एकदम अनुमोदन. प्रत्येक सीनच्या सुरुवातीला खाली कोपऱ्यात गाव, तारीख, वेळ आणि टाइम झोन येतो ना, आधी वाटायचं की थ्रिलरचा फील यावा म्हणून टाकलंय. पण ते शब्दशः खरं असतं. पहिला सीझन ४ जुलैला सुरू होतो आणि नव्या वर्षाच्या पहाटे संपतो, मधल्या सगळ्या तारखा एकापुढे एक लावून बघा, कुठे काही चुकत नाही, थँक्सगिव्हिंग आहे, हॅलोवीन आहे, शाळा सुरू होते त्या सुमाराला शाळेचा एपिसोड आहे. वाइझमनकडे ह्या जगाची स्वतःची टाइमलाइन आहे, शेकडो पानांची. जे पडद्यावर कधी येणारच नाही तेसुद्धा त्यात तारखेनिशी मांडलेलं आहे.

आणि झीटा ट्यूबचे, म्हणजे क्षणात इकडून तिकडे नेणाऱ्या त्या यंत्राचे, नंबर! कुणी आत आलं की ती मशीन नाव घेते, सुपरबॉय, बी झीरो फोर. दुसऱ्या सीझनमध्ये टिम ड्रेकचा रॉबिन आला तेव्हा त्याचा नंबर बी ट्वेंटी. म्हणजे त्या पाच वर्षांत टीममध्ये कितीजण येऊन गेले ते नंबरांवरून काढायचं, आणि लोकांनी काढलं.

विक्रमादित्य७:
तो पाच वर्षांची उडी मारण्याचा प्रकार मला तेव्हा अजिबात झेपला नव्हता. पहिला सीझन संपला २१ एप्रिल २०१२ ला आणि दुसरा सुरू झाला २८ एप्रिलला, आपल्यासाठी एक आठवडा आणि त्यांच्यासाठी पाच वर्षं. डिक ग्रेसन नाइटविंग झालेला, मेगन आणि कॉनर वेगळे झालेले, ॲक्वालॅड चक्क शत्रूच्या बाजूला. आणि कुणीही बसून समजावून सांगत नाही की बाबांनो मधल्या काळात असं असं झालं.

आता मात्र तोच भाग सगळ्यात आवडतो. दुसऱ्या सीझनमध्ये एका ठिकाणी टीमच्या अड्ड्यात, गुहेखालच्या जागेत होलोग्राम दिसतात, गेलेल्या साथीदारांचे. टुला आहे, टेड कॉर्ड आहे, आणि डिकनंतर रॉबिन झालेला जेसन टॉड रॉबिनच्या वेशात. कॅमेरा तिथे रेंगाळतसुद्धा नाही. जेसन टॉडचं मरण म्हणजे कॉमिक्समधली केवढी मोठी घटना, आणि इथे ते फक्त मागे उभं आहे, तुम्ही ओळखलंत तर पोटात गोळा येतो आणि नाही ओळखलंत तर गोष्ट पुढे जाते. टुला कशी गेली ते नंतर 'लेगसी' ह्या व्हिडिओ गेममध्ये दाखवलं. जेसनचं मात्र कितीही विचारा, तो काही तोंड उघडत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये रा'स अल गूलच्या बेटावर लाल हुडवाला निंजा दिसतो, तो जेसनच असावा असं वाटतं, तेवढंच.

पानगळ:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

लेखकाने काम करावं आणि बाजूला व्हावं ह्या मताचा मी आहे. मालिका दाखवलीस, आता ती आमची. अमकं पात्र तेव्हा काय विचार करत होतं हे तू वेगळं लिहून सांगायला लागलास तर मग ते पडद्यावर आलं नाही असंच झालं ना? आणि लोकांनाही सवय लागते, स्वतः अर्थ लावायच्या ऐवजी धावत जाऊन त्यालाच विचारायचं. अर्थ लावणं हा बघणाऱ्याचा हक्क आहे, तो आपण होऊन निर्मात्याच्या हातात का द्यायचा?

चांगलं उदाहरण म्हणजे गार्गॉइल्समधला लेक्सिंग्टन. तो गे आहे हे वाइझमनने चाहत्यांना उत्तर देताना सांगितलं, मूळ टीव्ही मालिकेत त्याचा काही पत्ता नाही. मग ते धरायचं की नाही?

रानजाई:
@पानगळ, राग कसला, हाच प्रश्न मलाही छळतोय.

पण एक बघा, ह्या बाबतीत नियम त्याने स्वतःच घालून घेतलाय आणि तो फार कडक आहे. पडद्यावर किंवा छापील कॉमिकमध्ये आलं तरच ते पक्कं. त्याने उत्तरात सांगितलेलं, त्याच्या मनात असलेलं, टाइमलाइनमध्ये लिहिलेलं हे सगळं कच्चं, गार्गॉइल्सवाले त्याला कॅनन-इन-ट्रेनिंग म्हणतात. म्हणजे सध्या माझं असं ठरलंय, पण लिहायला बसलो आणि गोष्टीने वेगळं मागितलं तर मी बदलेन. हे तो परत परत सांगत आलाय. त्यामुळे लेक्सिंग्टनचं तुम्ही धरा किंवा धरू नका, तो काही तुमच्यावर लादत नाहीये.

आणि ९४-९५ साली डिस्नेच्या दुपारच्या कार्टूनमध्ये ते दाखवू देणार होतं का कुणी? यंग जस्टिसच्या तिसऱ्या सीझनला, म्हणजे स्ट्रीमिंगवर आल्यावर, कॅल्डरचा जोडीदार वींड सरळ पडद्यावर आला, काही गाजावाजा न करता. जागा मिळाली तिथे दाखवलं. मधल्या वर्षांत ज्या कुणा पोराला किंवा पोरीला ते एक उत्तर वाचून बरं वाटलं असेल त्यांच्यासाठी ते उत्तर महत्त्वाचंच आहे, मग पक्कं असो नाहीतर कच्चं.

चोवीस_फ्रेम:
धागा वाचतोय सकाळपासून, राहवलं नाही. मी ह्याच धंद्यात आहे, पुण्यात एका छोट्या स्टुडिओत स्टोरीबोर्ड करतो, तर त्या बाजूने थोडं सांगतो.

ह्या मालिकांमध्ये आधी स्क्रिप्ट, मग कलाकारांचे आवाज रेकॉर्ड होतात, मग बोर्ड, मग बोर्ड आणि आवाज एकत्र लावून ॲनिमॅटिक, आणि ते सगळं पॅक करून कोरियाला जातं. यंग जस्टिसचं मूळ ॲनिमेशन कोरियात झालंय, मॉई आणि लोट्टो हे स्टुडिओ होते पहिल्या दोन सीझनला. तिकडून फुटेज येतं, चुका काढायच्या, रीटेक पाठवायचे, मग एडिट आणि साउंड. एका एपिसोडला सहज वर्षभर जातं, आणि एकाच वेळी दहाबारा एपिसोड वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. म्हणजे पाचव्या एपिसोडचा रीटेक बघत असताना पंधराव्याचं स्क्रिप्ट चालू असतं. अशात तारीखवार सगळं जुळवून ठेवणं, कुणाच्या खांद्याला जखम आहे, कुणाला अजून कोणतं गुपित कळलेलं नाहीये, हे सांभाळणं किती अवघड आहे ते मी रोज बघतो. आमच्याकडे दोन एपिसोडमध्ये एकाच पात्राच्या पट्ट्याचा रंग बदललेला असतो आणि डिलिव्हरीच्या दिवशी लक्षात येतं.

त्यात दुसऱ्या सीझनला पाच वर्षांची उडी म्हणजे अक्षरशः सगळी मॉडेल शीट (पात्रांची नमुना-चित्रं) नव्याने. फिल बुरासाची डिझाइन बघा कधी पॉज करून, कपड्यांना शिवण आहे, पॅडिंग आहे, हालचाल होईल अशी जागा आहे. मिस मार्शनचे केस आखूड झाले, बोलताना मान ठेवायची पद्धत बदलली. कोण काय भोगून आलंय ते डिझाइनमधूनच कळतं. ही उडी मारायला निर्मात्यापेक्षा जास्त छाती डिझाइन टीमला लागते असं माझं प्रामाणिक मत.

@पानगळ, तुमचं पडद्यावर आलंच पाहिजे हे बरोबर आहे, पण २२ मिनिटं मिळतात हो. त्यात जे मावत नाही ते कापताना जीव जातो. तो माणूस कापलेलं सांगतोय, गाळलेलं भरून काढत नाहीये. फरक आहे.

अबोली:
फेलसेफबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून!!

माझ्या मते सुपरहिरो ॲनिमेशनमधले सगळ्यात चांगले सलग दोन भाग म्हणजे फेलसेफ आणि डिसऑर्डर्ड. पहिल्यात परग्रहावरून हल्ला होतो, जस्टिस लीग संपते, मग एकेक करून पोरंही मरायला लागतात. आर्टेमिस जाते, कॅल्डर दुसऱ्याला वाचवताना जातो, कॉनरला रॉबिन मुद्दाम पुढे पाठवतो, शेवटी रॉबिन आणि वॉली स्फोटात. आणि मग कळतं की हा मनात चालवलेला सराव होता, फक्त आर्टेमिस 'मेली' तेव्हा मेगन इतकी हादरली की तिच्या मनाने सरावाचा ताबा घेतला आणि सगळेच विसरले की हे खरं नाहीये.

दुसरं कुणी असतं तर पुढच्या आठवड्यात नवीन व्हिलन आणून मोकळं झालं असतं. इथे पुढचा अख्खा भाग पोरांना शिकवणारी ब्लॅक कॅनरी एकेकाला समोर खुर्चीत बसवून बोलतं करते. कॉनरची कबुली मला सगळ्यात जास्त लागली. बाकीचे मरत होते आणि त्याला आतून बरं वाटत होतं, कारण सुपरमॅन गेल्यावर पहिल्यांदाच तो सुपरमॅन झाला होता. ही गोष्ट सोळा वर्षांचं दिसणारं पोरगं, ज्याचं खरं वय काही महिने आहे, तोंडाने बोलतंय. आणि रॉबिन! लहानपणापासून ज्याला बॅटमॅन व्हायचंय तो म्हणतो की आता नाही व्हायचं मला, कारण कामासाठी मित्राला मरायला पाठवता येणं म्हणजे काय ते त्याला कळलंय. पुढे तो बॅटमॅन न होता नाइटविंग होतो, आणि ते मला त्या खुर्चीतच ठरलेलं दिसतं.

चौथ्या सीझनला बीस्ट बॉयला डिप्रेशन येतं, झोपेच्या गोळ्या, लोकांना टाळणं, कामावर न जाणं, कितीतरी भाग ते मागे मागे चालू असतं आणि शेवटी तो मदत मागायला जातो तेव्हा समोर परत ब्लॅक कॅनरीच. दहा वर्षांनी तीच खुर्ची. मी रडले आहे, सांगायला काही लाज नाही.

साळुंकी:
अबोली, अगदी अगदी!! कॉनरचा तो सीन माझ्या नवऱ्याला सुपरहिरो आवडत नसताना बसवून दाखवला होता, पुढचे सगळे भाग त्याने स्वतःहून पाहिले.

हडसनकाठ:
इकडे जर्सीत मी ही मालिका लेकीबरोबर पाहिली, तर बंद पडण्याबद्दल लिहितो, कारण त्यावर बरीच उलटसुलट माहिती फिरते.

एक थिअरी अशी की मुली जास्त बघत होत्या म्हणून चॅनेलने बंद केली. ती २०१३ साली कार्टूनलेखक पॉल डिनी एका पॉडकास्टवर बोलला त्यावरून पसरली, तो एकूण इंडस्ट्रीच्या मानसिकतेबद्दल बोलत होता आणि ती चीड खरीच आहे. पण यंग जस्टिसचं नेमकं कारण वाइझमनने वेगळं सांगितलंय आणि तेही परत परत. पैसे मॅटेलच्या खेळण्यांवर उभे होते. खेळणी अपेक्षेएवढी खपली नाहीत, मॅटेलने लाइन बंद केली, बजेट गेलं, मालिका गेली. रेटिंगचा प्रश्न नव्हता. तिच्याच जोडीला लागणारी ब्रूस टिमची ग्रीन लँटर्न मालिकाही त्याच दिवशी संपली, १६ मार्च २०१३ ला. तिच्याबाबतीत तर २०११ च्या सिनेमाची खेळणी दुकानांत पडून राहिल्यामुळे नवीन खेळणी घ्यायला दुकानदार तयार नव्हते. म्हणजे सिनेमा पडला दुसऱ्याचा आणि मार खाल्ला चांगल्या मालिकेने.

त्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन्ही मालिका वेळापत्रकातून अचानक काढल्या होत्या, जानेवारीपर्यंत काही नाही. चाहत्यांनी वाट बघून बघून डोळे पांढरे केले.

मला ह्यात वाइझमनचं काय आवडतं सांगू, त्याला सोपं होतं की चॅनेलला शिव्या घालायच्या, लोक टाळ्याच वाजवणार होते. त्याने तसं केलं नाही, हिशोब सांगितला. चाहत्यांना हिशोब कळला म्हणूनच पुढे काय करायचं तेही कळलं. आधी दोन्ही सीझन नेटफ्लिक्सवर आले तेव्हा तो एकच सांगायचा, पिटिशनपेक्षा बघा, परत परत बघा, कारण आकडे तिथे मोजले जातात. २०१६ मध्ये 'कीप बिंजिंग वायजे' हॅशटॅग चालवला लोकांनी आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या सीझनची घोषणा झाली. साडेतीन वर्षं मेलेली मालिका उठवून बसवली. निर्माता आणि चाहते यांचं एवढं सरळ काम मी दुसऱ्या कुठल्या कार्टूनबाबत पाहिलेलं नाही.

पानगळ:
@हडसनकाठ, मॅटेलचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

@चोवीस_फ्रेम, कापलेलं आणि गाळलेलं हा मुद्दा चांगला आहे. तरी माझं मत तेच. वॉलीचं बघा. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात, एंडगेममध्ये, ध्रुवावर तो बॅरी (फ्लॅश) आणि बार्ट ह्या दोन वेगवान साथीदारांबरोबर पळतो, तो दोघांपेक्षा हळू म्हणून सगळी ऊर्जा त्याच्यातून बाहेर पडते आणि तो विरून जातो, जाता जाता आर्टेमिससाठी आणि आईबापांसाठी निरोप सांगतो. संपलं. तेवढं पुरेसं आहे, उत्तम आहे. पण तेव्हापासून वॉली परत येणार का, वॉली नक्की मेला का, हाच जप चालू आहे. निर्माता उत्तरं देतो म्हणूनच लोक विचारत राहतात आणि मग त्या मरणाला मरण म्हणून कुणी बघतच नाही. तिसऱ्या सीझनमध्ये आर्टेमिसचं दुःख इतकं चांगलं लिहिलंय, ते बघताना अर्धे लोक क्लू शोधत होते.

रानजाई:
@पानगळ, हे मात्र मान्य. क्लू शोधायच्या नादात रडायचं राहून गेलं बऱ्याच जणांचं. पण त्याला कॉमिक्स पण जबाबदार आहेत हो, तिथे कुणीच कायमचं मरत नाही, वाचक आधीपासूनच सोकावलेला. आणि तिसरा, चौथा सीझन येऊन गेला, ९८ भाग झाले, वॉली परत आलेला नाही. एवढ्या रेट्यापुढेही तो बधला नाही ह्याचं मला कौतुक वाटतं.

मोरपिशी:
मी तिसऱ्या सीझनवर नाराज आहे आणि ते इथे लिहिणार. पात्रं किती! प्रत्येक भागात नवीन चार चेहरे. मेटाह्यूमन मुलांची तस्करी हा विषय जबरदस्त होता, जिओ-फोर्स आणि टेराचा शेवट पण चांगला, पण मधे मधे मला कोण कुठल्या टीममध्ये आहे तेच कळेना. बॅटमॅन, नाइटविंग, मेगन, कॅल्डर हे सगळे मिळून बाकीच्यांपासून लपवून कट चालवत होते हे उघड होतं तेव्हा तर फार चिडचिड झाली. पहिल्या सीझनचा सगळा जीव ह्यातच होता ना की खोटं आणि गुपितं माणसं तोडतात? रॉय (रेड ॲरो) हेर आहे आणि ते त्यालाच माहीत नाही, मेगनचं खरं रूप, आर्टेमिसचं घर, सगळं त्याच धाग्यात. मग तीच मुलं मोठी होऊन तेच करतात?

आणि हेलो. हिजाब घालणारी नायिका आली म्हणून मी खूप खूश झाले होते. मग कळलं की गॅब्रिएल ही मुलगी मेलेली आहे आणि तिच्या शरीरात मदरबॉक्सचा (एका जिवंत यंत्राचा) जीव आहे, आणि मग तिला दर थोड्या दिवसांनी मारायचं, परत उठवायचं. अनेक मुस्लिम प्रेक्षकांना ते लागलं आणि त्यांनी ते थेट लिहिलं. मला वाटतं बरोबरच लिहिलं. चौथ्या सीझनला डॉक्टर फेटच्या गोष्टीत खालिद नसूर आला, डॉक्टरकी शिकणारा, नमाज पढणारा, साधा विचारी मुलगा, आणि हेलोचा श्रद्धेचा शोधही तिथे सावकाश दाखवला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

विक्रमादित्य७:
मोरपिशी, पात्रांच्या गर्दीबद्दल शंभर टक्के सहमत. कटाबद्दल मात्र असहमत. त्यांनी तेच करावं आणि ते चूक आहे हे त्यांना तोंडावर सांगितलं जावं ह्यासाठीच तर तो कट लिहिलाय. उघडकीला आल्यावर बाकीचे खवळतात, कुणी शाबासकी देत नाही. बॅटमॅनच्या हाताखाली वाढलेली पोरं बॅटमॅनसारखीच वागणार की. डिसऑर्डर्डमध्ये जे व्हायचं नाही म्हणाला होता तेच डिक अर्धंमुर्धं झाला, मला तर ते फार खरं वाटलं.

अबोली:
विक्रमादित्य, हे मी असं कधी जोडलंच नव्हतं. आता परत बघावा लागणार तिसरा.

चोवीस_फ्रेम:
मधे एक प्रश्न मला व्यनितून आला की ग्रेगला आपण कथाकल्पना पाठवू शकतो का. नाही! अजिबात नको. तिथला सगळ्यात ठळक नियम तोच आहे, प्रश्न विचारा, कल्पना देऊ नका. हा गर्व नाही, कायदा आहे. उद्या तसंच काहीतरी त्याने आधीच लिहिलेलं असेल आणि तुमची पोस्ट त्याने वाचलेली निघाली तर निर्मिती कंपनीचे वकील ती गोष्टच थांबवतील. 'बॅबिलॉन ५' मालिकेच्या वेळी असं झालेलं आहे, तिचा लेखक स्ट्राझिन्स्की चाहत्यांशी ऑनलाइन बोलायचा, कुणीतरी साध्या मनाने एक कल्पना मांडली, ती त्याच्या ठरलेल्या एपिसोडशी जुळली, आणि त्या चाहत्याने लेखी सोडपत्र देईपर्यंत एपिसोड अडकून पडला. आमच्या छोट्या स्टुडिओतसुद्धा न मागता आलेलं स्क्रिप्ट न उघडता परत पाठवतात.

साळुंकी:
ड्वेन मॅकडफीची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. स्टॅटिक ह्या सुपरहिरोच्या निर्मात्यांपैकी एक, १९९३ मध्ये माइलस्टोन कॉमिक्स काढणाऱ्यांपैकी एक, 'जस्टिस लीग अनलिमिटेड' मालिकेचा मोठा आधार. तोही स्वतःच्या साइटवर चाहत्यांशी असाच बोलायचा, कुठलाही आडपडदा न ठेवता, वाद घालायचा, मुद्दा पटवायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये अचानक गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच्या 'स्टॅटिक शॉक' मध्ये 'जिमी' नावाचा भाग होता, शाळेत त्रास सहन करणारा मुलगा आणि बापाची बंदूक, त्याला ह्युमॅनिटास पुरस्कार मिळाला. वाइझमनच्या गार्गॉइल्समध्येही 'डेडली फोर्स' आहे, ब्रॉडवे नावाचा गार्गॉइल खेळता खेळता त्याच्या पोलीस मैत्रिणीची, एलिसाची, बंदूक उचलतो आणि गोळी तिलाच लागते, बरं होऊन परत आल्यावरही ती काही काळ कुबड्या घेऊन फिरते, जखम पुढच्या भागात गायब होत नाही. मुलांच्या कार्टूनमध्ये बंदुकीबद्दल एवढं सरळ बोलणारी ही दोन माणसं.

आणि यंग जस्टिसमध्ये पहिल्या सीझनला आयकॉन आणि रॉकेट येतात, दुसऱ्याला स्टॅटिक, ही सगळी माइलस्टोनचीच मंडळी. चौथ्या सीझनला रॉकेट आणि तिचा ऑटिस्टिक मुलगा अमिस्टाड ह्यांच्यावर अख्खं कथानक आहे. मॅकडफीची पात्रं वाइझमनच्या हातात नीट राहिली.

पानगळ:
डेडली फोर्स मी लहानपणी पाहिला नव्हता, काल रात्री तुमचं वाचून पाहिला. ब्रॉडवे पिस्तूल हातात घेऊन खेळतोय, सिनेमातल्यासारखे डायलॉग मारतोय, आणि आवाज झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन बघतो तेव्हा एलिसा जमिनीवर आणि खाली रक्त. ९४ सालचं, दुपारचं कार्टून. ह्या भागावर वाइझमनने काही लिहिलंय का?

रानजाई:
लिहिलंय ना, गार्गॉइल्सच्या भागांवर त्याने एकेक करून मोठाली टिपणं लिहिली आहेत, कल्पना कुठून आली, काय जमलं, काय अजून बोचतं, कुणी काय सुचवलं. मालिका बनतानाचे जुने मेमोसुद्धा टाकलेत. सुरुवातीला गार्गॉइल्स विनोदी करायची होती, छोटे छोटे खोडकर प्राणी, गोलायथ हे मुख्य पात्रच नव्हतं, हे त्यातूनच कळतं. तुम्ही उत्तरं वाचू नका, तुमच्या तत्त्वात बसणार नाही, पण ही टिपणं वाचाच. काम कसं घडलं ते कळतं, अर्थ लावायचं काम तुमच्याकडेच राहतं.

पानगळ:
हे चालेल मला. वाचून इथेच लिहितो.

हडसनकाठ:
कुणी विचारेल म्हणून क्रम देऊन ठेवतो. पहिला सीझन, आणि त्याच्याबरोबर कॉमिक्स, कारण ती त्याच जगातली पक्की गोष्ट आहे, एपिसोडच्या मधल्या तारखांत बसवलेली. कॉमिक्स ० ते २५ क्रमांकाची, त्यातले शेवटचे सहा अंक दुसऱ्या सीझनच्या काळातले, ते नंतर वाचा. गेम मिळाला तर दोन सीझनच्या मधे. मग सीझन दोन, तीन, चार, आणि सगळ्यात शेवटी २०२२ चं 'टार्गेट्स' कॉमिक. घरात मुलं असतील तर पहिले दोन सीझन दहा-अकरा वर्षांपासून पुढे सहज चालतील. तिसऱ्यापासून ती टीव्हीवरून स्ट्रीमिंगवर गेली आणि मारामारी, रक्त, मरण सगळं जास्त उघड आहे, हेलोचे प्रसंग तर खासच, ते आधी तुम्ही एकट्याने बघा आणि मग ठरवा. आमच्याकडे दोन सीझननंतर लेक तेरा होईपर्यंत थांबलो.

मोरपिशी:
हडसनकाठ, क्रम जपून ठेवला. भाचा अकराचा आहे, ह्या सुट्टीत पहिला सीझन लावते. चौथ्याच्या शेवटी मेरी आणि सुपरगर्ल खलनायक डार्कसाइडच्या बाजूला दाखवून ठेवल्यात आणि पाचव्याची घोषणा अजून नाही, तेवढ्यात निदान एक नवीन बघणारा तयार होईल.